पोच आली का?

मनीऑर्डरचा जमाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना 'पोच' या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरणीत राबणारा माणूस गावी पैसे पाठवी. पैसे पाठवले म्हणून त्याचे काम संपत नसे. आईच्या अंगठ्याचा नाहीतर बायकोच्या सहीचा तो लहानसा कागद उलट टपालाने हातात पडला की मग तो निर्धास्त होई. पोच आली नाही तर पोस्टात खेटे, गावाकडच्या माणसाकडे चौकशी, पुन्हा पत्र असे सर्व सुरू होई. म्हणजे पाठवणाऱ्याने पुढे काय करायचे हे त्या परत आलेल्या कागदावर ठरत असे.

इंग्रजीत ज्याला फीडबॅक म्हणतात तो हाच. पाठ्यपुस्तकांत त्याला 'प्रत्याभरण' असा जड शब्द आहे. मी मात्र आजच्या लेखात 'पोच' हाच शब्द वापरणार आहे, कारण आपल्या भाषेने या शब्दात आणखी एक अर्थ भरून ठेवला आहे. ज्याला आपल्या वागण्याचा परिणाम कळत नाही, त्याला आपण 'पोच नाही' असे म्हणतो. आरोग्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ शेवटी एकच होतात. केलेल्या गोष्टीचा परिणाम काय झाला ही बातमी परत आली, आणि ती वाचून पुढचे पाऊल टाकले, तर तब्येत सांभाळली जाते. बातमी आलीच नाही, चुकीची आली किंवा येऊनही आपण ती वाचली नाही, तर मोठे नुकसान होते. रोजच्या जीवनात ही पोच कोठे कोठे काम करते ते आपण पाहू.

अंगातील टपालखाते

आपले शरीर म्हणजे अहोरात्र चालणारे टपालखातेच आहे. बाहेर हिवाळा असो की वैशाख, शरीराच्या आतील तापमान साधारण ९७ ते ९९ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान राहते. रक्तातील साखर, पाणी, मीठ, दाब हे सर्व असेच एका मर्यादेत राहते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली या समतोलाला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले आणि १९३२ साली 'द विज्डम ऑफ द बॉडी' या पुस्तकात तो सविस्तर समजावून सांगितला. शरीराचे शहाणपण, असा त्या नावाचा अर्थ. हे शहाणपण पोचेवरच चालते.

तापमानाचेच उदाहरण घ्या. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचे एक लहानसे केंद्र आहे. त्वचेकडून आणि रक्ताकडून त्याला तापमानाची बातमी सतत मिळत असते. तापमान वाढले की ते घाम सोडण्याचा हुकूम देते आणि कातडीकडे जास्त रक्त पाठवते. तापमान उतरले की अंगावर काटा येतो, दात वाजतात, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. हुकूमाचा परिणाम झाला की तशी पोच येते आणि हुकूम मागे घेतला जातो.

आता ताप येतो तेव्हा काय होते? जंतुसंसर्गामुळे हे केंद्रच आपला नेहमीचा आकडा वर चढवते, समजा १०२ वर नेते. त्यामुळे ९९ अंश असलेले शरीर त्याला थंड वाटू लागते. म्हणून ताप चढताना हुडहुडी भरते आणि माणूस गोधडी मागतो. आकडा पुन्हा खाली आला की तेच शरीर गरम वाटते आणि दरदरून घाम सुटतो. पॅरासिटामॉलची गोळी हा चढलेला आकडा खाली आणते, म्हणून तिचा तापात उपयोग होतो.

उष्माघातात मात्र गोष्ट वेगळी आहे. तेथे केंद्राचा आकडा बरोबरच असतो, पण उन्हाच्या आणि श्रमाच्या माऱ्यापुढे शरीराचे गार होण्याचे उपाय थकलेले असतात. अंग १०४ अंशांवर तापते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही, कारण जो आकडा चढलेलाच नाही तो खाली कसा येणार? रोग्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोगी शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. गोळी देऊन वाट पाहण्यात गेलेली मिनिटे जिवावर बेततात. आपल्याकडे मराठवाडा, विदर्भ, खानदेशात दर उन्हाळ्यात हा फरक कळणे किती गरजेचे आहे, हे मी सांगायला नको.

रिपोर्टमधला उलटा आकडा

हल्ली दवाखान्यात अनेक भगिनी थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन येतात आणि घाबऱ्या आवाजात सांगतात, "डॉक्टर, माझा थायरॉइड वाढलाय." रिपोर्ट पाहावा तर वाढलेला असतो 'टीएसएच'. याचा अर्थ बहुधा नेमका उलटा असतो. थायरॉइड ग्रंथीचे काम कमी पडत आहे.

हे असे का, ते पोचेच्या हिशेबाने चटकन समजते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीची देखरेख असते. टीएसएच हे पियुषिकेने थायरॉइडला पाठवलेले तगाद्याचे पत्र समजा. थायरॉइडचा रस रक्तात पुरेसा आला की तगादा कमी होतो. रस कमी पडला की पियुषिका पत्रावर पत्र धाडते, म्हणजे टीएसएच चढतो. उलट, थायरॉइड जास्तच काम करू लागली तर तगाद्याची गरजच उरत नाही आणि टीएसएच अगदी खाली जातो.

गळ्याला येणाऱ्या गलगंडाचे एक कारण यातच दडले आहे. थायरॉइडचा रस तयार व्हायला आयोडीन लागते. अन्नात आयोडीन नसेल तर ग्रंथीने कितीही धडपड केली तरी रस पुरेसा बनत नाही. वरून तगादा चालूच राहतो आणि बिचारी ग्रंथी काम वाढवण्याच्या खटाटोपात स्वतःच फुगत जाते. आयोडीनयुक्त मिठाने हे टळते.

व्यवहारात यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, थायरॉइडची गोळी सुरू केली किंवा तिचे प्रमाण बदलले की टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठच दिवसांनी पुन्हा रक्त तपासून 'गुण नाही' म्हणणे म्हणजे पत्र पेटीत टाकल्याबरोबर पोच मागण्यासारखे आहे. दोन, रिपोर्ट नॉर्मल आला की कित्येकजणी गोळी बंद करतात. तो नॉर्मल आला आहे तो गोळीमुळे, हे ध्यानात घ्यावे.

चोरवाटेने आलेले औषध

पोचेची ही साखळी बाहेरून कशी बिघडते, हे स्टेरॉइडच्या गोळ्यांवरून कळते. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. शरीरावर ताण आला की त्या एक आवश्यक स्टेरॉइड तयार करतात, आणि त्यांच्यावरही पियुषिकेचीच देखरेख असते.

सांधे दुखतात, दम लागतो म्हणून कोणीतरी बिननावाच्या पुडीतल्या गोळ्या देतो. दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते, भूक लागते, अंगात तरतरी येते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने ते बाहेरून येत राहिले की पियुषिकेला वाटते, माल भरपूर आहे. ती तगादा थांबवते आणि अधिवृक्क ग्रंथी आळसावून आक्रसते. मग एके दिवशी पुडी संपते. बाहेरचा पुरवठा बंद, घरचा कारखाना बंद. रोग्याला भयंकर थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी प्राणावर बेतते.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. दमा, संधिवात आणि इतर अनेक आजारांत त्याने जीव वाचतात. परंतु बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करायचे नसते, हळूहळू उतरवायचे असते, म्हणजे झोपी गेलेल्या ग्रंथीला जागे व्हायला अवधी मिळतो. म्हणून नाव नसलेली गोळी घेऊ नये, आणि घेत असाल तर मनाने बंदही करू नये. उरलेली पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावे.

मागाल तितके दूध

आतापर्यंतच्या उदाहरणांत पोच आली की काम थांबत होते. काही ठिकाणी उलट असते. पोच आली की काम वाढते. आईचे दूध हे त्याचे उत्तम उदाहरण. बाळ अंगावर ओढू लागले की त्याची बातमी आईच्या मेंदूकडे जाते आणि दूध तयार करणारी व दूध बाहेर सोडणारी संप्रेरके रक्तात उतरतात. स्तन जितका रिकामा होईल तितके पुढचे दूध वेगाने तयार होते. स्तनात दूध साचून राहिले तर ते कमी बनू लागते. बाळाची मागणी हाच येथे हुकूम.

आता नेहमीचा प्रसंग पाहा. बाळ चार वेळा जास्त रडते. घरातील वडीलधारी म्हणतात, "सूनबाई, तुझं दूध पुरत नाही गं त्याला, वरचं सुरू कर." त्यांची माया खरी असते. बाटली सुरू होते. पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. कमी ओढले म्हणून दूध कमी होते. महिन्याभरात दूध खरोखरच आटते आणि सगळे म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" मुळात खोटे असलेले विधान अशा रीतीने खरे होऊन बसते.

मग दूध पुरते की नाही हे ओळखायचे कसे? रडण्यावरून नव्हे. बाळ गरमीने, गॅसने, जवळ घ्यावे म्हणूनही रडते. खरी पोच लंगोटात आणि वजनकाट्यावर मिळते. पहिला आठवडा संपता संपता बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, साधारण दोन आठवड्यांपर्यंत जन्माच्या वेळचे वजन भरून निघाले असेल आणि पुढे वजन वाढत असेल, तर आईचे दूध पुरत आहे. पहिले सहा महिने वरचे काही, अगदी पाणीसुद्धा, लागत नाही. पुढे अंगणवाडीत वजनाची जी रेघ काढतात ती आईने स्वतः पाहावी. मूल हसतेखेळते दिसत असले तरी रेघ सपाट झाली असेल, तर काहीतरी बिघडत आहे ही सूचना तेथे आधी मिळते.

जेथे पोच येतच नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दात किडला तर ठणका लागतो, पाय मुरगळला तर चालवत नाही. दुखणे ही पोचच आहे, आणि तिच्यामुळे आपण वेळेवर जागे होतो. पण काही आजार असे आहेत की ते ही पोच पाठवतच नाहीत. आज घरोघरी पसरलेले रक्तदाब आणि मधुमेह हे दोन आजार नेमके याच जातीचे आहेत.

आमच्या मानेतील आणि छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी चेतातंतूंची टोके असतात. आपण एकदम उठून उभे राहिलो की दाब उतरल्याची बातमी तीच मेंदूला देतात, आणि क्षणार्धात तो सावरला जातो. पण दाब महिनोन्महिने चढलेला राहिला तर हे पहारेकरी त्या चढलेल्या दाबालाच नेहमीचा मानू लागतात. रोज चोर पाहून कुत्र्याने भुंकणे सोडावे तसा हा प्रकार. म्हणून १७०-१८० दाब असलेला माणूस शेतात नांगर धरतो, दुकान चालवतो आणि "मला काही होत नाही" असे खात्रीने सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला खरोखरच काही होत नसते. हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा आणि मेंदूतील रक्तवाहिन्या यांना मात्र होत असते.

"डोकं दुखलं की मी गोळी घेतो," असे सांगणारे कितीतरी रोगी मला भेटतात. रक्तदाबाच्या बाबतीत डोके हा भरवशाचा निरोप्या नाही. त्याची वाट पाहत बसले तर पहिला निरोप पक्षाघाताचाच यायचा.

मग उपाय काय? जेथे पोच येत नाही तेथे ती आपण मागून घ्यायची. दाब मोजणे, रक्त तपासणे याचा अर्थ एवढाच आहे. मात्र मोजणे नीट हवे. त्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू घेऊ नये. लघवीला जाऊन यावे. पाठीला टेका देऊन, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा असावा, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे तारखेसह वहीत लिहावेत. दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त, अथवा घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त दाब येत असेल तर उपचारांचा विचार करावा लागतो. एस.टी.तून उतरून धावत आल्यावर घेतलेला एकच आकडा ही पुरती पोच नव्हे.

मधुमेहात साखर तपासली जाते, पण तेथे एक गंमत चालते. तपासणीची तारीख जवळ आली की दोन दिवस भात बंद, साखर बंद, फिरणे सुरू. उपाशीपोटीचा आकडा छान येतो आणि घरी परतताना पेढा घेतला जातो. डॉक्टरांना फसवल्याचे समाधान मिळते, फसतात मात्र स्वतःचीच मूत्रपिंडे. म्हणून 'एचबीए१सी' ही तपासणी करतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखरेची पुटे अंगावर बाळगतात. त्यामुळे मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब त्यातून कळतो. दोन दिवसांचे पथ्य त्याला फसवू शकत नाही. अंगात रक्त फार कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो, तेवढे मात्र डॉक्टरांना सांगावे.

न दुखणारा पाय

जुन्या मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. "चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही," असे रोगी सांगतो तेव्हा मी आधी त्याला खुर्चीवर बसवून तळवे पाहतो. खिळा टोचलेला असतो, फोड फुटलेला असतो, आणि त्याला पत्ता नसतो. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, नवी घट्ट चप्पल, एवढ्या साध्या कारणांनी जखम होते. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते, जखम चिघळते आणि पाय कापण्याची पाळी येते.

दुखणे किती उपकारक असते, हे जगाला पटवून देण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. तामिळनाडूत जन्मलेले हे ब्रिटिश शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी समज होता. ब्रँड यांनी निरखून पाहिले आणि दाखवून दिले की बोटांची हानी मुख्यतः जखमांमुळे होते. संवेदना गेल्यामुळे रोग्याला भाजल्याचे, चेंगरल्याचे, कापल्याचे कळत नाही, आणि तो त्याच बोटाने काम करत राहतो. हाच धडा पुढे मधुमेही पायांच्या काळजीसाठी उपयोगी पडला.

पाय बोलत नसेल तर डोळ्यांनी त्याचे काम करावे. रोज रात्री निजण्यापूर्वी पाय धुऊन, कोरडे करून, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्याची नायलॉनच्या धाग्याने तपासणी करून घ्यावी.

'बरे वाटते' ही अर्धीच बातमी

पोच न येणे वाईट, तशी अर्धवट पोच आल्यानेही घात होतो. क्षयरोगाचे उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. रोग्याला वाटते, झाले. पण शरीरात दडून बसलेले चिवट जंतू अजून शिल्लक असतात. गोळ्या मध्येच सोडल्या तर तेच पुन्हा उठतात, आणि काही वेळा औषधांना दाद न देणारे होऊन उठतात. मग उपचार लांबतात, त्रास वाढतो आणि घरातील लहानांनाही धोका पोचतो.

साध्या क्षयरोगाचा उपचार म्हणूनच सहा महिन्यांचा असतो, आणि मधल्या काळात बेडका व वजन पुन्हा तपासतात. बरे वाटणे ही एक पोच, बेडका स्वच्छ होणे ही दुसरी. दोन्ही लागतात. सरकारी केंद्रात ही औषधे विनामूल्य मिळतात.

दुसऱ्याच्या तोंडून आलेली बातमी

स्वतःविषयीच्या काही गोष्टी स्वतःला कधीच कळत नाहीत. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. घरची मंडळी त्यावर विनोद करतात आणि विषय संपतो. पण घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो, मग माणूस गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतो, आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, असे असेल तर तो विनोदाचा विषय नाही. अशा माणसांत रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि गाडी चालवताना डोळा लागून अपघात होतात. ही बातमी डॉक्टरांना फक्त शेजारी झोपणारेच देऊ शकते. म्हणून अशा रोग्याने पत्नीला किंवा पतीला सोबत आणावे.

ऐकू कमी येणे, विसरभोळेपणा वाढणे, चिडचिड होणे, हेही आधी घरच्यांच्या लक्षात येते. सांगताना मात्र शब्द जपून वापरावेत. "बहिरे झालात की काय" असे म्हटले तर समोरचा तोंड फिरवतो आणि बातमी वाया जाते. "आबा, टी.व्ही. हल्ली फार मोठा लावावा लागतो तुम्हाला, एकदा कान दाखवून येऊ या का?" असे म्हटले तर माणूस ऐकतो. पोच देणाऱ्यालाही पोच हवी, ती अशी.

डॉक्टरांनाही पोच हवी असते

शेवटचा मुद्दा आमच्या व्यवसायाचा. आम्ही चिठ्ठी लिहून देतो तेव्हा ते आमचे पाठवलेले पत्र असते. तिचे पुढे काय झाले हे रोग्याने सांगितले तरच कळते.

समजा दाबाच्या गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून रोग्याने दिवसाआड घेतल्या. पुढच्या खेपेला दाब चढलेला दिसतो. डॉक्टर विचारतात, "गोळ्या घेता ना?" रोगी संकोचाने म्हणतो, "हो, रोज." डॉक्टर साहजिकच औषध वाढवतात. घरी मुलगी येते आणि वडिलांना रोज न चुकता गोळ्या देऊ लागते. दाब एकदम उतरतो, ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. मूळ कारण एवढेच, की 'परवडत नाही' हे दोन शब्द सांगायचे राहिले. ते सांगितले असते तर स्वस्त गोळी लिहून देता आली असती.

औषधाचा त्रासही असाच सांगावा. दाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. अम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. लोक महिनोन्महिने खोकल्याची बाटली पितात किंवा मूळ गोळीच बंद करून टाकतात. डॉक्टरांना सांगितले तर गोळी बदलता येते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवून घेण्यासाठी देशात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम सुरू आहे. सामान्य नागरिकही १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवू शकतात.

आम्हा डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. "समजलं ना?" असे विचारले की रोगी मान डोलावतो. त्याऐवजी मी विचारतो, "काकू, आता घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते मला सांगा बरं." दहापैकी काही जणांच्या उत्तरात सकाळची गोळी रात्री गेलेली असते. तेथल्या तेथे दुरुस्ती होते. आपल्या डॉक्टरांनी असे विचारले नाही तर आपणच म्हणावे, "डॉक्टर, मी एकदा सांगतो, बरोबर आहे का बघा." त्यात कमीपणा काही नाही.

ध्यानात ठेवण्याजोगे

१) तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासावी, काही होत नसले तरी.

२) आकडा नॉर्मल आला म्हणून औषध मनाने बंद करू नये.

३) तपासणीपूर्वी दोन दिवसांचे पथ्य करून रिपोर्टला फसवू नये.

४) मधुमेह्याने रोज पाय पाहावेत.

५) बाळाचे दूध लघवीवरून आणि वजनावरून ओळखावे, रडण्यावरून नव्हे.

६) डॉक्टरांकडे जाताना जुने कागद, गोळ्यांची पाकिटे आणि दाबाची वही बरोबर न्यावी. चुकलेल्या गोळ्या, झालेला त्रास आणि न परवडणारा खर्च स्पष्ट सांगावा.

यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. एक वही, एक आरसा आणि खरे बोलण्याची तयारी एवढे साहित्य पुरते. घरात कोणी दाबाची किंवा साखरेची गोळी घेत असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्यांना एवढेच विचारा, की शेवटची तपासणी कधी झाली होती. उत्तर आठवत नसेल तर तपासणीची वेळ झाली आहे असे समजावे.